बेशुद्धावस्थेतील रुग्णाची लघवीची नळी : घरी जंतुसंसर्ग कसा टाळावा

मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण, मेंदूत रक्तस्राव झालेल्या सत्तरीच्या आजी, किंवा हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाले पण भानावर न आलेले गृहस्थ, असे रुग्ण अतिदक्षता विभागातून घरी येतात तेव्हा बहुधा त्यांच्यासोबत तीन नळ्या येतात : नाकातून पोटात गेलेली रायल्स ट्यूब, गळ्याला बसवलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी आणि लघवीची नळी. पहिल्या दोन नळ्यांची कुटुंबाला धास्ती असते, कारण त्यांचा अन्नाशी आणि श्वासाशी असलेला संबंध डोळ्यांना दिसतो. लघवीच्या नळीकडे मात्र केवळ एक सोय म्हणून पाहिले जाते. नाशिकमधल्या सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा भागांतल्या घरी जाऊन मी या रुग्णांच्या शुश्रूषेची माहिती कुटुंबीयांना देते, आणि काळजी मला सर्वांत जास्त याच नळीची वाटते. शुद्धीतला माणूस जळजळ होते, ओटीपोटात दुखते, थंडी वाजते असे सांगतो. हा रुग्ण काहीच सांगत नाही, त्यामुळे संसर्ग लक्षात येईपर्यंत तो अनेकदा मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तापर्यंत पोहोचलेला असतो.

नळीमुळे नेमके काय बिघडते

नैसर्गिक लघवीच्या प्रत्येक धारेबरोबर मूत्रमार्गातले जंतू बाहेर धुतले जातात. नळी घातली की ही धुलाई थांबते. शिवाय आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी बसत असल्याने त्याच्याखाली थोडी लघवी कायम साचून राहते. जंतू दोन वाटांनी वर चढतात. एक वाट नळीच्या बाहेरच्या बाजूने, मूत्रद्वाराजवळच्या त्वचेवरून जाते. दुसरी नळीच्या पोकळीतून, म्हणजे पिशवी किंवा सांधा उघडला गेला की आतून जाते. नळीच्या पृष्ठभागावर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि या थरात प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) नीट पोहोचत नाहीत. नळी असलेल्या रुग्णांत लघवीत जंतू आढळण्याची शक्यता दररोज सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते आणि महिनाभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. महिनाभराने जंतू सापडणे जवळपास अटळ असते. जंतू असूनही आजार होऊ न देणे आपल्या हातात असते. पुढचे सगळे मार्गदर्शन या फरकावर उभे आहे.

पहिली पायरी : नळी खरोखर हवी आहे का

रुग्णालयात नळी घातली जाते ती तासागणिक लघवी मोजण्यासाठी. घरी आल्यावर ते कारण बहुधा संपलेले असते, पण नळी तशीच राहते, कारण ती काढण्याचा विषय कोणी काढतच नाही. म्हणून डिस्चार्ज घेण्यापूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ‘ही नळी कशासाठी ठेवली आहे आणि ती काढून पाहता येईल का?’ लघवी तुंबत असेल, माकडहाडाजवळ खोल जखम असून ती लघवीने भिजत असेल, किंवा मूत्रमार्गात अडथळा असेल, तर नळी ठेवण्याला सबळ कारण आहे. केवळ चादर भिजते किंवा रात्री उठावे लागते हे कारण पुरेसे नाही. कुटुंबावर केवढा ताण असतो हे मी पाहते आणि तरीही हे लिहिते, कारण नळीमुळे झालेल्या एका गंभीर संसर्गाचा ताण त्याहून कितीतरी मोठा असतो.

नळी काढून पाहायची असेल तर ती सकाळी काढावी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. काढण्याआधी नळी चिमटा लावून बंद-उघड करत मूत्राशयाला सवय लावावी, असा सल्ला अजूनही दिला जातो. त्याची गरज नसते आणि बेशुद्ध रुग्णात मूत्राशय ताणले गेल्याचे कोणाला कळतही नाही. नळी काढल्यानंतर सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा थेंब थेंब होत राहून ओटीपोट घट्ट लागत असेल, तर डॉक्टरांना कळवून सोनोग्राफीने मूत्राशयात किती लघवी उरली आहे हे तपासून घ्यावे.

मूत्राशय नीट रिकामे होत असेल तर पुरुष रुग्णांसाठी कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर बाहेरून चढवून पिशवीला जोडायचे आवरण, हा चांगला पर्याय आहे. तो रोज बदलावा, त्वचा रोज पाहावी आणि त्यावर साधी चिकटपट्टी गोल घट्ट गुंडाळू नये, कारण त्याने रक्तपुरवठा तुटू शकतो. स्त्री रुग्णांसाठी चांगल्या प्रतीचे डायपर आणि वेळेवर बदल हाच व्यवहार्य मार्ग उरतो. लघवी तुंबतच असेल, तर दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढून टाकण्याची पद्धत शिकून घेता येते. घरात दोन-तीन माणसे हाताशी असतील तरच ती टिकते. अनेक महिने नळी लागणारच असेल, तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवण्याबद्दल मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलावे.

दुसरी पायरी : योग्य नळी आणि ती बसवण्याची पद्धत

आपण जी फुगा असलेली नळी वापरतो ती १९३०च्या दशकात अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी विकसित केली, म्हणून तिला फोलीज कॅथेटर म्हणतात. प्रौढांना साधारणतः १४ किंवा १६ क्रमांकाची नळी पुरते. स्त्रियांना १२ क्रमांकाचीही चालते. बाजूने लघवी गळते म्हणून अधिकाधिक जाड नळी घालत जाणे चुकीचे आहे. बाजूने गळती होते ती मूत्राशय आकसल्याने, नळी अंशतः तुंबल्याने किंवा शौचास न झाल्याने, आणि जाड नळीने मूत्रमार्गाला इजा होऊन त्रास वाढतो. दीर्घकाळासाठी पूर्ण सिलिकॉनची नळी घेणे बरे. ती लॅटेक्सपेक्षा महाग असते, पण त्याच क्रमांकात तिची आतली पोकळी मोठी असते आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ती चालते.

नळी घालण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका, ब्रदर किंवा डॉक्टर यांनीच करावे. निर्जंतुक हातमोजे, एकदाच वापरायची जेली आणि निर्जंतुक पाणी या तीन गोष्टींत काटकसर करू नये. लघवी येताना दिसल्याशिवाय फुगा फुगवू नये आणि तो निर्जंतुक पाण्यानेच फुगवावा, कारण सलाईनचे क्षार साचून नंतर फुगा रिकामा होण्यास अडचण येऊ शकते. खतना न झालेल्या पुरुष रुग्णाची पुढची त्वचा मागे सारलेली असेल, तर काम झाल्यावर ती आठवणीने पुढे आणावी. ती मागेच राहिली तर सूज येऊन तातडीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते. नळीचा प्रकार, क्रमांक, फुग्यातले पाणी आणि घातल्याची तारीख त्याच वेळी वहीत लिहून ठेवावी.

तिसरी पायरी : रोजचे हाताळणे

नळीला किंवा पिशवीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. हात मळलेले दिसत नसतील तर सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळला तरी चालतो. नाशिकच्या ज्या वस्त्यांत नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तिथे पिंपात हात घालून पाणी घेतले जाते आणि मग त्याच पाण्याने हात धुतले जातात. त्यापेक्षा तोटी असलेली लहान टाकी रुग्णाच्या खोलीजवळ ठेवावी. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही.

मूत्रद्वाराभोवतीचा भाग दिवसातून एकदा आणि प्रत्येक वेळी शौच झाल्यावर साध्या साबणाने व पाण्याने धुवावा. स्त्री रुग्णात नेहमी पुढून मागे पुसावे. नळीचा बाहेरचा भाग पुसताना मूत्रद्वाराकडून पिशवीच्या दिशेने जावे, उलट कधीही नाही, आणि पुसताना नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी म्हणजे ती ओढली जाणार नाही. डेटॉल, बीटाडीन, पावडर, तेल यांपैकी काहीही रोज लावण्याची गरज नाही. जंतुनाशकांनी त्वचा कोरडी पडते, चिरते, आणि संसर्ग काही कमी होत नाही.

इथे एक अवघड पण खरी गोष्ट लिहिणे भाग आहे. सासऱ्यांच्या शरीराची अशी स्वच्छता सुनेने करावी का, वडिलांची मुलीने करावी का, या संकोचापायी अनेक घरांत हा भाग कित्येक दिवस धुतलाच जात नाही, आणि तो संकोच कोणी बोलूनही दाखवत नाही. घरातल्या सर्वांनी बसून हे काम कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवावे. मुलगा, भाऊ किंवा जावई यांनी ते शिकून घ्यावे, अन्यथा दिवसातून एकदा ब्रदर किंवा मावशी लावावी. हे काम सगळे आपापल्या परीने करतील असे गृहीत धरले, तर ते कोणीच करत नाही.

नळी आणि पिशवीचा सांधा उघडू नये. १९६०च्या दशकापर्यंत नळीचे टोक उघड्या भांड्यात सोडले जाई आणि तीन-चार दिवसांतच जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत; बंद पिशवी आल्यावर हे चित्र पालटले. आंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना सोय म्हणून पिशवी सोडवून पुन्हा जोडली, तर बंद व्यवस्थेचा सगळा फायदा आपण घालवतो. सैल पायजमा किंवा बाजूला बांधायचे बंद असलेला गाऊन वापरला, तर सांधा उघडण्याची वेळच येत नाही.

पिशवी दोन तृतीयांश भरली की, किंवा निदान दर आठ तासांनी, रिकामी करावी. त्यासाठी मोजमापाच्या खुणा असलेला स्वतंत्र मग ठेवावा आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. पिशवीच्या खालच्या तोटीचे तोंड मगाला टेकू देऊ नये, आणि बंद करण्यापूर्वी ते स्पिरीटच्या बोळ्याने पुसावे. मोजमापाचा मग धुऊन उन्हात पालथा ठेवावा. किती लघवी निघाली याची नोंद वहीत करावी. पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला चोवीस तासांत ६०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर ते डॉक्टरांना कळवण्यासारखे आहे.

चौथी पायरी : नळीची वाट आणि कूस बदलणे

पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये, एवढे बहुतेकांना माहीत असते. तरीही चूक कुठे होते ते सांगते. भाड्याने आणलेली लोखंडी कॉट जागेअभावी भिंतीला लावलेली असते, त्यामुळे पिशवी कायम एकाच बाजूला, समजा उजवीकडे, अडकवलेली राहते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवले की नळी मांडीवरून चढून पलीकडे उतरते. मांडीचा तो उंचवटा मूत्राशयापेक्षा वर असल्याने लघवी मधेच थांबते आणि नळीतली लघवी उलटी सरकते. दुसरी चूक याहून लपलेली असते. नळी लांब असल्याने ती कॉटच्या कडेवरून खाली लोंबते, पिशवीच्या तोंडापेक्षाही खाली जाते आणि मग वळसा घेऊन वर पिशवीत शिरते. त्या लोंबत्या वळशात लघवीचा खांब उभा राहतो. पिशवी खाली असूनही मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. पलंगाशेजारी खाली बसून नळीची पूर्ण वाट डोळ्यांनी तपासली, तरच हा वळसा दिसतो.

उपाय सोपा आहे. कॉट भिंतीपासून हातभर पुढे ओढावी आणि दोन्ही बाजूंना पिशवीसाठी हुक लावावा. दर दोन तासांनी कूस बदलताना आधी पिशवी पलीकडच्या हुकावर न्यावी, मगच रुग्णाला वळवावे. वळवताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवू नये. जास्तीच्या नळीचा सैल वेढा गादीवर ठेवून चादरीला पिनेने अडकवावा, पण पिन नळीला टोचू देऊ नये. स्त्री रुग्णात नळी मांडीच्या आतल्या बाजूला आणि पुरुष रुग्णात मांडीच्या वरच्या भागाला किंवा ओटीपोटाला कॅथेटर होल्डरने अथवा मऊ चिकटपट्टीने लावावी, थोडी ढील ठेवून. ती मोकळी लोंबली तर फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी ओढला जातो, आतली त्वचा खरचटते आणि जंतूंना वाट मिळते. पुरुषांत मूत्रद्वार खालच्या बाजूने चिरत जाते. चिकटपट्टीची बाजू रोज बदलावी. व्हीलचेअरवर किंवा रुग्णवाहिकेत हलवण्यापूर्वी पिशवी रिकामी करून घ्यावी.

पाणी आणि पोट

लघवी पातळ आणि वाहती राहणे हाच नळी स्वच्छ राहण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे. रायल्स ट्यूबमधून दिवसभरात किती पाणी द्यायचे हे हृदय, मूत्रपिंड आणि रक्तातील सोडियम पाहून डॉक्टरांनी ठरवावे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ते प्रमाण वाढवायचे का हे पुन्हा विचारून घ्यावे. बेशुद्ध माणसाला तहान सांगता येत नाही, हे कडक उन्हाळ्यात फार लवकर विसरले जाते.

शौचास तीन दिवसांपेक्षा जास्त न झाल्यास मळाचा गोळा मूत्राशयावर दाबतो आणि नळी वाहीनाशी होते. दीर्घकाळ नळी आणि बद्धकोष्ठता असलेल्या रुग्णांत कधीकधी पिशवी जांभळी झालेली दिसते. आतड्यातल्या जंतूंनी बनवलेल्या एका पदार्थाचे लघवीतल्या जंतूंमुळे निळ्या-लाल रंगद्रव्यांत रूपांतर होते, एवढेच त्यामागचे कारण आहे. दिसायला ते भयंकर असले तरी रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर घाबरू नये. पोट साफ होण्याचा उपाय करावा आणि डॉक्टरांना कळवावे.

पाचवी पायरी : नळी आणि पिशवी केव्हा बदलावी

दर पंधरा दिवसांनी सरसकट नळी बदलण्याची प्रथा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ठराविक अंतराने नळी किंवा पिशवी बदलू नये, तर संसर्ग, अडथळा किंवा बंद व्यवस्था उघडली जाणे यांसारखे कारण असेल तेव्हा बदलावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात नळी किती दिवस ठेवता येईल याची उत्पादकाने ठरवलेली कमाल मुदत पाळावीच लागते. पूर्ण सिलिकॉनच्या नळीसाठी ती साधारणतः बारा आठवड्यांपर्यंत असते. त्याआधी रुग्णाची स्वतःची लय ओळखावी. प्रोटियस जातीचे जंतू लघवी अल्कधर्मी करतात आणि मग क्षारांचा कडक थर नळीच्या टोकाशी बसतो. काही रुग्णांची नळी दर तीन आठवड्यांनी तुंबते, काहींची दोन महिने तुंबत नाही. वहीतल्या तारखांवरून हे कळते आणि तुंबण्याच्या थोडे आधी नळी बदलता येते. तुंबू नये म्हणून रोज मूत्राशय धुणे मात्र टाळावे. त्यासाठी सांधा रोज उघडावा लागतो आणि संसर्ग कमी होत नाही. काढलेली नळी आणि पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळावी, दुसऱ्या पिशवीत बांधावी आणि घंटागाडीत देताना तिच्यात काय आहे ते सांगावे.

सहावी पायरी : संसर्ग ओळखणे आणि औषधाचा मोह आवरणे

लघवी गढूळ दिसते, वास येतो, रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) आणि जंतू आले, म्हणजे संसर्ग झाला असे नाही. नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा रिपोर्ट असाच येतो. ताप वा इतर लक्षण नसताना केवळ रिपोर्टसाठी प्रतिजैविक देऊ नये. अपवाद गर्भवती स्त्रीचा आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या रुग्णाचा. ‘खबरदारी म्हणून पाच दिवस गोळ्या देऊ’ असे म्हणून दिलेल्या प्रत्येक कोर्समागे त्या रुग्णाच्या शरीरात अधिक चिवट जंतू निवडले जातात, आणि खऱ्या संसर्गाच्या दिवशी हाताशी एखाददुसरे महागडे इंजेक्शनच उरते. दरमहा ‘सहज’ लघवीची तपासणी करून घेण्याची सवय म्हणूनच सोडावी.

लक्ष ठेवायचे ते रुग्णाकडे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणे, हुडहुडी, नाडी किंवा श्वास जलद होणे, रक्तदाब उतरणे, ओटीपोट दाबल्यावर चेहरा आक्रसणे, हातापायांचा ताठरपणा अचानक वाढणे, झटके येणे, आणि एरवी हाकेला डोळे उघडणारा रुग्ण आज उघडत नाही असे वाटणे. ही शेवटची खूण घरातल्या माणसालाच कळते आणि तिच्यावर विश्वास ठेवावा. वयस्कर रुग्णात ताप न येता उलट अंग गारही पडू शकते.

ताप आला की लघवीवर खापर फोडण्याचीही घाई नको. छातीतला कफ आणि अन्न श्वसनमार्गात जाणे, शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम), सलाईनची जागा, पायाच्या शिरेतली गुठळी हीसुद्धा कारणे असतात. डोक्याच्या दुखापतीच्या काही रुग्णांत मूत्राशय ताणले गेल्यानेच घाम, जलद नाडी, ताठरपणा आणि ताप असे झटके येतात. म्हणून पहिल्यांदा नळी पिळली किंवा दबली आहे का, पिशवीत लघवी येते आहे का, हे पाहावे.

संसर्गाचा संशय असेल तर कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. पिशवीतल्या शिळ्या लघवीत जंतू वाढलेलेच असतात. नळी बरेच दिवसांची असेल तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा, तोही प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी. जुन्या नळीवरचा चिकट थर निघून गेल्याने औषधाचाही उपयोग चांगला होतो.

तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ

चार तास पिशवीत लघवी नाही आणि ओटीपोट घट्ट आहे, लघवीत रक्ताच्या गाठी आहेत, वृषण सुजून लाल झाले आहे, फुग्यासकट नळी ओढली जाऊन रक्तस्राव होतो आहे, किंवा तापासोबत रक्तदाब उतरून रुग्ण अधिक ग्लानीत गेला आहे, अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. नळी कात्रीने कापू नये आणि बळाने ओढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पेठ, सुरगाणा, इगतपुरी अशा तालुक्यांतून नाशिकला यायला लागणारा वेळ धरून निर्णय लवकर घ्यावा. निघताना नळी घातल्याची तारीख, तिचा क्रमांक, मागच्या दोन दिवसांतली लघवीची नोंद, आधीचे कल्चर रिपोर्ट आणि यापूर्वी दिलेल्या प्रतिजैविकांची नावे असलेली वही सोबत घ्यावी आणि आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांच्या हातात ती सर्वांत आधी द्यावी.